मुथुलक्ष्मी रेड्डी आणि इनामाची गाठ

डॉक्टर आमदार झाला की लोकांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. आता तालुक्याला मोठा दवाखाना होणार, आरोग्य केंद्रात औषधं मिळणार, रुग्णवाहिका येणार. अपेक्षा रास्तच आहेत. पण डॉक्टरकीचं शिक्षण कायदा करताना नेमकं कुठे कामी येतं, हे पाहायचं असेल तर मला नेहमी शंभर वर्षांपूर्वीचं मद्रास आठवतं. तिथल्या कायदेमंडळात १९२७ साली एक डॉक्टरीणबाई जाऊन बसल्या, आणि त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात खोलवरचं काम निघालं ते जमिनीच्या इनामाचं. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी त्यांचं नाव. तमिळनाडूत ते शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. आपल्याकडे मात्र ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘पहिली महिला आमदार’ एवढ्या एका ओळीत येतं आणि तिथेच संपतं. ती ओळ जरा उलगडून बघू.

मुथुलक्ष्मींचा जन्म ३० जुलै १८८६ चा, पुदुकोट्टई संस्थानातला. त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या होत्या. म्हणजे एका ब्राह्मण मराठी मुलीने वैद्यकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी दक्षिणेतल्या एका लहान संस्थानात पुढची एक डॉक्टर पाळण्यात होती. वडील नारायणस्वामी अय्यर हे तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासींच्या समाजात जन्मलेल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे कायदेमंडळात मुथुलक्ष्मी ज्या प्रश्नावर उभ्या राहिल्या तो त्यांच्या घरातल्याच बायकांचा प्रश्न होता.

कॉलेज मुलांचं. तिथे मुलीला घ्यायचं म्हटल्यावर गावात कुरकुर सुरू झाली. पण संस्थानच्या महाराजांनी परवानगी दिली आणि मुलगी वर्गात बसली, मुलांच्या नजरेआड, पडद्यापलीकडे. तिथून १९०७ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेज. १९१२ मध्ये पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि मद्रासच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात हाउस सर्जन झाल्या. त्या जागेवर तोवर एकही भारतीय स्त्री बसली नव्हती. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डींशी लग्न केलं ते १८७२ च्या नोंदणी कायद्याखाली, आणि अट घालून: मला बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे, माझ्या कामात आडकाठी नको. नवऱ्याने ती अट पाळली.

इथवरची गोष्ट हुशार मुलीच्या जिद्दीची. कायदेमंडळाची गोष्ट इथून पुढे सुरू होते आणि ती समजायला त्या काळची व्यवस्था थोडी माहीत हवी.

१९१९ च्या कायद्याने इंग्रजांनी प्रांतांमध्ये द्विदल राज्यपद्धती आणली. सोप्या शब्दांत सांगायचं तर सरकारच्या खात्यांची वाटणी केली. पोलीस, महसूल, तिजोरी ही जड खाती गव्हर्नरच्या हाताखाली राहिली. शिक्षण, आरोग्य, नगरपालिका ही खाती भारतीय मंत्र्यांकडे आली, आणि हे मंत्री प्रांतिक कायदेमंडळाला उत्तर द्यायला बांधलेले. आजच्या विधानसभेचं, विधान परिषदेचं हे आजोबा म्हणा. गंमत अशी की आरोग्य खातं भारतीयांकडे, पण त्यासाठीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात. लोकांच्या शिव्या मंत्र्याने खायच्या आणि खर्चाला मंजुरी दुसरीकडून आणायची.

मद्रास प्रांताने १९२१ मध्ये बायकांना मताचा हक्क दिला, तोही मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या मोजक्या बायकांना. मुंबई प्रांतानेही त्याच वर्षी दिला. पण मत देता येणं वेगळं आणि आत जाऊन बसता येणं वेगळं. सभासद होण्याची मुभा मिळाली ती १९२६ मध्ये. त्या वर्षीच्या निवडणुकीत मंगळूरमधून कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. म्हणजे बाई कायदेमंडळात जाणार तर नेमणुकीच्या वाटेने. गव्हर्नरला काही सभासद स्वतः नेमायचा अधिकार होता. मद्रासच्या अड्यार भागात १९१७ पासून विमेन्स इंडियन असोसिएशन ही संघटना काम करत होती. ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स ही मंडळी त्यात होती. तिथून मुथुलक्ष्मींचं नाव पुढे आलं. बाई तेव्हा नुकत्याच इंग्लंडहून परतल्या होत्या. बायकांच्या आणि मुलांच्या आजारांचा अभ्यास करायला त्या १९२५ मध्ये लंडनला गेल्या होत्या. रुग्ण सोडून राजकारणात पडायला त्या सुरुवातीला राजी नव्हत्या. शेवटी हो म्हणाल्या, १९२७ च्या आरंभी सभागृहात बसल्या, आणि सभासदांनी त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडलं. सव्वाशेहून जास्त पुरुषांच्या सभागृहात त्या एकट्या बाई.

आता सभासदाच्या हातात असतं काय? तीन हत्यारं असतात, आणि तिन्हींची धार सारखी नसते. पहिलं प्रश्न. सरकारला विचारायचं, उत्तर मिळवायचं, ते छापून येतं. दुसरं ठराव. सभागृहाने सरकारला अमुक करा अशी शिफारस करायची. बहुमताने मंजूर झाला तरी सरकारवर तो बंधनकारक नसतो. तिसरं विधेयक. ते मंजूर झालं आणि वरून संमती मिळाली की कायदा. मंत्री नसलेल्या सभासदाने मांडलं तर ते खासगी विधेयक. अशी विधेयकं तेव्हाही बहुतेक धूळ खात पडायची आणि आजही पडतात.

मुथुलक्ष्मींनी सुरुवात डॉक्टरला सुचेल अशाच मागण्यांनी केली. शाळा-कॉलेजातल्या मुलांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी, बायकामुलांसाठी वेगळ्या रुग्णालयाची सोय व्हावी. प्रसूती रुग्णालयाला जोडून मुलांचा विभाग निघाला तो त्यांच्या रेट्यामुळे. मुलींच्या लग्नाचं वय वाढवायच्या मागणीतही त्या पुढे होत्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची बाळंतपणं त्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती, त्यामुळे या विषयावर बोलायला त्यांना कुणाचे दाखले द्यावे लागत नव्हते. १९२९ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा झाला, तोवर देशभर या प्रश्नाचं रान उठलं होतं.

पण ज्या कामासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते देवदासींचं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘देवाला सोडणं’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. यल्लम्माच्या जोगतिणी, खंडोबाच्या मुरळ्या आपण पाहिल्या आहेत, निदान ऐकल्या आहेत. तमिळ भागात मुलीच्या गळ्यात देवाच्या नावाने ‘पोट्टु’ बांधत. एक बारीकशी ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, दोऱ्यात ओवलेली. ती गळ्यात पडली की मुलीचं लग्न देवाशी लागलं. माणसाशी लग्न कायमचं संपलं. मग देवळात नाचगाणं, आरती, उत्सवातली सेवा. आणि बहुतेकींच्या वाट्याला एखाद्या धनवान माणसाचा ‘आश्रय’.

याला कायद्याने बंदी नव्हती का? अर्धवट होती. भारतीय दंड संहितेत ३७२ आणि ३७३ ही कलमं होती. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी देणं-घेणं हा त्यात गुन्हा. वयाची मर्यादा आधी सोळा, १९२४ च्या दुरुस्तीने अठरा. मग अडलं कुठे? अडलं ‘साठी’ या शब्दावर. हेतू सिद्ध करावा लागे. घरची माणसं म्हणत, हा धार्मिक विधी आहे, मुलगी देवाला वाहिली. देवळात झालेल्या विधीमागचा हेतू न्यायालयात कसा सिद्ध करणार? शिवाय वय उलटून गेलं की कलमच लागू नाही. मुलीचा जन्मदाखला कुणाकडे असतो? घरच्यांनी सांगितलं तेच वय.

नोव्हेंबर १९२७ मध्ये मुथुलक्ष्मींनी ठराव मांडला की देवळाला मुली वाहण्याची प्रथा बंद करायला सरकारने कायदा करावा. तो मंजूर झाला. ठराव म्हणजे शिफारस, हे वर आलंच. सरकार ‘विचार करू’ म्हणालं. लोकांच्या धर्मात हात घालायला इंग्रज सरकार तसं नेहमीच कचरायचं.

इथे बाईंची डॉक्टरकी दिसते, असं मला मनापासून वाटतं. चांगला डॉक्टर ताप उतरवायच्या आधी विचारतो, ताप येतो कधी, कशाने, घरात आणखी कुणाला आहे का. मुथुलक्ष्मींनी तेच विचारलं. आईला मुलीचं वाईट व्हावं असं वाटत नाही. तरी आईच मुलीला देवाला का वाहते? उत्तर श्रद्धेत होतं, पण तेवढ्यात संपत नव्हतं. ते जमिनीत होतं.

आमच्या आजोळी भैरवनाथाच्या देवळाची दोन तुकडे जमीन गुरवांकडे आहे. सातबाऱ्यावर देवस्थान इनाम असा शेरा. दिवाबत्ती करायची, पूजा करायची, तोवर जमीन कसायची आणि पीक खायचं. सेवा सुटली की जमिनीवरचा हक्क डळमळला. लहानपणी मला हा सरळ साधा व्यवहार वाटायचा. आता हाच व्यवहार मद्रास प्रांतातल्या देवदासीच्या घरी लावून बघा. तिच्या आजीच्या आजीला देवळाच्या सेवेपोटी इनाम मिळालेलं. कधी जमीनच, कधी जमिनीच्या साऱ्यातला वाटा. अट एक: घराण्यातून सेवेला बाई हवी. एक म्हातारी झाली की दुसरी. म्हणजे आईला म्हातारपणी पोटाला हवं असेल, भावांना राहतं घर हवं असेल, तर दर पिढीत एका मुलीच्या गळ्यात पोट्टु पडलाच पाहिजे. मुलीला वाचवायचं तर अख्ख्या घराचं अन्न जातं. अशा घरात जाऊन ‘ही प्रथा वाईट आहे’ असं व्याख्यान देऊन काय होणार?

म्हणून बाईंनी शिक्षेचा कायदा थोडा बाजूला ठेवला आणि हिंदू धर्मादाय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं. त्याचं सार एवढंच: देवदासीकडच्या इनामावरची सेवेची अट काढून टाकायची. ठरावीक सारा भरायचा आणि जमीन ठेवायची. देवळात कुणी नाचायला येवो न येवो, जमीन जाणार नाही. १९२९ मध्ये ही दुरुस्ती मंजूर होऊन कायद्यात नवं कलम आलं. वाचायला घेतलं तर झोप येईल असं रुक्ष कलम आहे ते. पण त्याने घराचं अन्न आणि मुलीचा गळा यांच्यातली गाठ सोडवली. कुणाला तुरुंगात टाकलं नाही, कुणाच्या श्रद्धेवर बोट ठेवलं नाही. मुथुलक्ष्मींचं नाव घेताना लोक नेहमी पुढच्या, बंदीच्या कायद्याबद्दल बोलतात. माझ्या मते त्यांच्या बुद्धीचं खरं काम या दुरुस्तीत आहे.

विरोध झाला, आणि तो नीट ऐकून घेतला पाहिजे. सत्यमूर्तींसारखे काँग्रेसचे बडे नेते धर्म आणि परंपरेच्या बाजूने उभे राहिले. तो विरोध अपेक्षित होता. खरा विचार करायला लावणारा विरोध खुद्द देवदासींचा होता. बंगळूर नागरत्नम्मांसारख्या नामवंत गायिका त्यात होत्या. हीच ती बाई, जिने संत त्यागराजांच्या तिरुवैयारूच्या समाधीवर स्वतःच्या कमाईतून मंदिर बांधलं. देवदासींनी संघटना केली, सरकारला निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं: आम्हाला वेश्या म्हणू नका. आमच्यापैकी काहींचं जिणं वाईट असेल तर आम्हाला शिक्षण द्या, आमची कला टिकवा, पण आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा. दुसऱ्या बाजूला मूवलूर रामामिर्तम अम्माळ याही देवदासी घराण्यातल्याच, आणि प्रथा मुळापासून उखडली पाहिजे म्हणून त्या गावोगाव फिरत होत्या. पेरियारांची स्वाभिमान चळवळ त्यांच्या बाजूला होती. म्हणजे ‘देवदासींना काय हवं होतं’ या प्रश्नाला एक उत्तर नव्हतं.

नागरत्नम्मांच्या म्हणण्यात तथ्य होतं, असं मला वाटतं. देवदासींच्या घरात मालमत्ता बायकांकडून बायकांकडे जायची. गाणं-नाचणं ही त्यांची कमाई होती आणि तीत त्या कुणाच्या ओशाळ्या नव्हत्या. पुढे सेवाही गेली, मानही गेला, आणि काही घरांत जमीन भावांच्या नावावर गेली. दासीआट्टम म्हणून ज्या नाचाला नाकं मुरडली जात होती तोच नाच भरतनाट्यम नावाने उच्चवर्णीय मुली शिकू लागल्या. ज्यांनी तो पिढ्यानपिढ्या जपला त्यांच्या मुली मात्र रंगमंचावरून बाजूला झाल्या. मुथुलक्ष्मींना हे सगळं आधी दिसायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. दवाखान्यात त्यांच्यापुढे येत होत्या त्या गुप्तरोगाने पोखरलेल्या कोवळ्या मुली. मैफलीत गाणारी नागरत्नम्मा आणि खाटेवरची ती मुलगी, दोघी खऱ्या होत्या. बाईंनी खाटेवरचीची बाजू घेतली, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही तीच घेतली असती.

१९३० मध्ये त्यांनी दुसरं विधेयक आणलं. यात मुली वाहणं हाच गुन्हा ठरवायचा होता. ते लोकमतासाठी फिरवलं गेलं. लोकमतासाठी फिरवणं म्हणजे विधेयक जिल्ह्याजिल्ह्यांतले अधिकारी, संस्था, देवस्थानं यांच्याकडे पाठवून मतं मागवायची. यात महिनेच्या महिने जातात. तेवढ्यात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, गांधीजींना अटक झाली आणि मुथुलक्ष्मींनी निषेध म्हणून सभासदत्वाचा राजीनामा दिला. खासगी विधेयकाला मांडणारा माणूस हाच आधार असतो. बाई बाहेर पडल्या आणि विधेयक अडकलं. मद्रासमध्ये बंदीचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. सतरा वर्षं! या सतरा वर्षांत किती गळ्यांत पोट्टु पडले असतील, याचा विचार मनात आला की तो राजीनामा मला नेहमी सलतो. देशासाठी तो बरोबर होता आणि त्या मुलींसाठी महाग पडला, एवढंच म्हणता येतं.

आपल्या बाजूला काय चाललं होतं? कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्येच जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला होता. विठ्ठल रामजी शिंदे मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध जेजुरीला जाऊन भिडले होते. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा. आणि तरी महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा नवा देवदासी निर्मूलन कायदा करावा लागला. कागदावरची बंदी आणि गडहिंग्लज-निपाणीच्या पट्ट्यातलं जगणं यात केवढं अंतर होतं, ते या दोन सालांवरून कळतं. तिथे इनामाच्या जागी नवस होता, केसातली जट होती, कर्ज होतं. मद्रासची गुरुकिल्ली इथल्या कुलपाला तशीच्या तशी लागली नसती.

राजीनाम्याच्या सुमाराचीच एक घटना आहे. रात्रीच्या वेळी तीन मुली मुथुलक्ष्मींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. देवदासींच्या घरातून पळून आलेल्या. त्यांना शिकायचं होतं. वसतिगृहांची दारं त्यांना बंद, कारण तिथल्या ‘चांगल्या घरच्या’ मुलींशेजारी यांना कोण झोपू देणार! कायदा मागणाऱ्या बाईंच्या उंबऱ्यावरच प्रश्न येऊन उभा राहिला: आम्ही सुटलो, आता जाऊ कुठे? बाईंनी त्यांना घरात घेतलं. त्यातून अव्वै होम उभं राहिलं, जुन्या तमिळ कवयित्री अव्वैयार यांच्या नावाने. शाळा, राहणं, पुढे शिक्षिका आणि परिचारिका होण्याची वाट. अड्यारमध्ये ती संस्था आजही मुली शिकवते.

कायदेमंडळ सुटलं तरी डॉक्टरकीचं एक देणं मनात राहिलं होतं. त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली होती. निदान उशिरा झालं आणि बाई स्वतः डॉक्टर असून काही करू शकल्या नाहीत. लंडनला शिकायला गेल्या तेव्हा त्या कर्करोगाच्या रुग्णालयात मुद्दाम जाऊन शिकल्या होत्या. मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं, पण दक्षिणेत असं काहीच नव्हतं. त्या काळी कर्करोग म्हणजे घरी नेऊन वाट बघायची, असाच सगळ्यांचा समज. सरकार दरबारीही या रोगावर पैसा घालायला कुणी उत्सुक नव्हतं. मुथुलक्ष्मी निधी गोळा करत दारोदार फिरल्या. १९५२ मध्ये नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५४ मध्ये अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट उघडलं. बारा खाटा. बाई तेव्हा अडुसष्टच्या घरात होत्या. त्यांचा मुलगा डॉ. कृष्णमूर्ती तिथे उभा राहिला आणि १९५५ पासून डॉ. व्ही. शांता आल्या, त्यांनी सगळं आयुष्य त्याच आवारात काढलं.

१९५६ मध्ये मुथुलक्ष्मींना पद्मभूषण मिळालं. २२ जुलै १९६८ ला त्या गेल्या. तमिळनाडू सरकारची गरोदर बायकांना पैशांची मदत देणारी योजना त्यांच्या नावाने चालते, आणि ३० जुलै हा त्यांचा जन्मदिवस तिथल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णालय दिन म्हणून पाळतात.

सभागृहात त्या होत्या जेमतेम साडेतीन वर्षं. तेवढ्या काळात देवदासींसाठी आणलेल्या दोन विधेयकांपैकी एकच त्यांच्या डोळ्यांदेखत, त्या आत असताना कायदा झालं. जुने कायदे चाळताना ते इनामाचं कलम वाचलं तर त्यात मुलगी, पोट्टु, नाच, दवाखाना यातला एकही शब्द भावनेने लिहिलेला सापडत नाही. जमीन, सारा, सेवेची अट, एवढंच.